मुळाला मूळ

आजी औषध आणायला निघायची ती आदल्या संध्याकाळी. हातात ना कुदळ, ना कोयता. एका हातात ताटली, तिच्यात हळदकुंकू, चार अक्षता, एक सुपारी. दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. आमच्या बांधाच्या टोकाला, ओढ्याच्या अंगाला टेटूचं झाड होतं. त्याच्या बुडाशी ती सुपारी ठेवायची, अक्षता वाहायची, पाणी घालायची आणि झाडाशी बोलायची, "उद्या सकाळच्याला येती बरं का. वरच्या आळीतली सून बाळंतीण झालीया. अंग मोडून आलंय पोरीचं. चल तिच्यासाठी." एवढं सांगून मागं न बघता घरी यायची.

दुसऱ्या दिवशी उजाडताना ती पुन्हा निघाली की मी मागं लागायचो. खुरप्यानं ती झाडाच्या एकाच अंगाची माती उकरायची. करंगळीएवढं मूळ दिसलं की वीतभर तोडून घ्यायची, झाडाकडं राहिलेल्या टोकाला ओलं शेण लावायची आणि माती परत लोटून पायानं हलकेच दाबायची. एका खेपेला उगवतीचं मूळ घेतलं, तर पुढच्या खेपेला मावळतीचं. मधल्या काळात त्या अंगाला हात लावायचा नाही. घरी आल्यावर मूळ धुऊन ती त्याची साल खरवडायची. आतून ती पिवळट निघे. जिभेला लावली तर आधी गोडसर लागे, मग कडू. ही साल बाळंतिणीच्या काढ्यात जायची.

"काल गेलो होतो तवाच का नाही आणलं?" मी एकदा विचारलं.

"आरं, लेकीला न्यायला आधी मूळ धाडत्यात ना? मूळ न धाडता कुनी लेक आनतंय का वढून? तसंच ह्ये. मुळाला बी मूळ धाडावं लागतंय. त्याबिगर गुन येत न्हाई."

मराठीत 'मूळ' हा शब्द असा दुहेरी आहे. जमिनीतलं ते मूळ, आणि सासुरवाशिणीला न्यायला आलेला माणूस, त्यालाही मूळ. आजी शाळेत गेली नव्हती, पण या दोन अर्थांची गाठ तिनं अशी मारली होती की मला ती आजवर सुटलेली नाही. पुष्कळ वर्षं मी त्या रीतीला श्रद्धा समजत होतो. तो हिशेब होता, हे कळायला अर्धं आयुष्य गेलं. आदल्या दिवशी निमंत्रण द्यायचं म्हणजे कुणासाठी हवं आणि किती हवं, हे झाडासमोर उभं राहून आधी सांगायचं. सांगितलं त्याहून जास्त मग घेता येत नाही.

हे सगळं हिंजवडीचं. आज हिंजवडी म्हटलं की लोकांना राजीव गांधी इन्फोटेक पार्क आठवतो, संध्याकाळी वाकडच्या पुलापर्यंत लागलेली गाड्यांची रांग आठवते. माझ्या लहानपणी गावाभोवती मुरमाड माळ होता. पावसाळा लागला की त्या माळावर काळ्या मुसळीची पिवळी चांदणी जमिनीला टेकून उमलायची, बोरीवर गुळवेल चढायची, करवंदीच्या जाळीतून कळलावीच्या लाल-पिवळ्या ज्वाळा वर यायच्या, शतावरीचे काटे पोटऱ्या ओरबाडायचे. गुरं वळताना ही नावं आपोआप तोंडी बसली. कुणी शिकवली असं आठवत नाही.

टेटू मात्र आमच्या माळावरचा नव्हता. तो आजीबरोबर आला होता.

आजीचं माहेर मुळशी खोऱ्यातलं. टाटांचं धरण तिथं झालं तेव्हा ती कडेवरचं मूल होती. 1921 च्या एप्रिलमध्ये मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला, सेनापती बापट तुरुंगात गेले आणि 1924 पर्यंत झुंज चालली, हे आपण इतिहासात वाचतो. आजीच्या तोंडी तो इतिहास निराळ्या रूपात होता. तिची आई सांगायची म्हणे, की पाणी चढणार हे नक्की झाल्यावर पुरुषमाणसं दारं, वासे, कौलं उतरवत होती आणि बायका परसात उकरत होत्या. कुणी हळदीचे गड्डे घेतले, कुणी ओहळाकाठचं वेखंड घेतलं. माझ्या पणजीनं टेटूच्या मुळातून फुटलेली दोन रोपं मातीच्या गोळ्यासकट काढली आणि वर डोंगराच्या कुशीला, नव्या जागेत लावली. घर बुडालं, देवाची जागा बुडाली, सुगीची खाचरं बुडाली. "आईनं औषिध तेवढं बुडू दिलं न्हाई," हे सांगताना आजीचा आवाज दर वेळी ताठ व्हायचा.

पुढं तिचं लग्न होऊन ती हिंजवडीला आली, तेव्हा पदराच्या गाठीत टेटूचं बी होतं. ज्यानं टेटूची शेंग पाहिली नाही त्याला ते बी कसं असतं हे सांगायला हवं. शेंग हातभर लांब, चपटी, तलवारीसारखी. झाडाची पानं झडली तरी त्या तलवारी उघड्या फांद्यांना लोंबत राहतात. वाळून ती उकलली की आतून चुरगळल्या झिरमिळीत कागदासारखे पांढरे तुकडे निघतात, आणि प्रत्येक तुकड्याच्या मधोमध बी. फुंकर मारली तरी उडतं. लहानपणी आम्ही ते 'म्हातारी' म्हणून उडवायचो, आणि आजी त्यातली चार वेचून पुन्हा ओढ्याकाठी टोचायची. त्याची फुलं रात्री उमलतात, त्यांना उग्र वास येतो आणि वटवाघळं त्यांच्यावर येतात. त्या वासानं आम्ही नाक मुरडलं की आजी म्हणायची, "आपल्यासाठी फुलत न्हाई त्ये. ज्याच्यासाठी फुलतंय त्याला आवाडतंय."

टेटू दशमुळातला एक. बेल, टेटू, शिवण, पाडळ आणि ऐरण ही पाच झाडं. सालवण, पिठवण, रिंगणी, डोरली आणि गोखरू ही पाच लहान रोपं. या दहांची मुळं मिळून दशमूळ होतं. बाळंतिणीचा काढा, दशमुळारिष्ट, कितीतरी तेलं यांचा तो पाया. नाव सोपं आहे, पण त्यातली गोम नावातच आहे. फळ घेतलं तर झाड राहतं. पान घेतलं तर पुन्हा फुटतं. मूळ घेतलं तर काय राहतं, ते घेणाऱ्या हातावर आहे.

दुसरी गोष्ट आजोबांची. ते बैलगाडीत कडबा घालून खडकीला विकायला न्यायचे. वाटेत दापोडी लागायची. "हितं लाटसाहेबाची बाग व्हती," असं ते हात करून दाखवायचे; त्यांना त्यांच्या आजोबांनी दाखवलं होतं. मला ही गावगप्पा वाटायची. मोठेपणी वाचनात आलं की खरंच होती. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर जॉन माल्कम यानं 1828 मध्ये दापोडीला सरकारी वनस्पतिबाग सुरू केली. 1838 पासून तिचा कारभार अलेक्झांडर गिब्सन या डॉक्टरकडं आला. त्यानं जुन्नरजवळ हिवऱ्यालाही एक बाग चालवली. तिथं सोनामुखी, खुरासानी ओवा अशा औषधी लावून सरकारी औषधभांडाराला पुरवल्या जात. 1847 मध्ये हाच गिब्सन मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला, आणि 1861 मध्ये डाल्झेल याच्या जोडीनं त्यानं 'बॉम्बे फ्लोरा' हा ग्रंथ काढला. दापोडीची बाग 1865 मध्ये बंद पडली. एका देशी चित्रकारानं तिथल्या झाडांची काढलेली सुंदर चित्रं आज एडिंबराच्या वनस्पतिबागेत जपून ठेवलेली आहेत. त्या चित्रकाराचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही.

या गोष्टीत मला दोन धागे दिसतात. औषध हवं तर ते लावावं लागतं, हे पावणेदोनशे वर्षांपूर्वी आमच्या गावापासून कडब्याच्या गाडीच्या टप्प्यात घडून गेलेलं आहे. आणि दुसरा धागा असा की वनखातं उभं राहिलं ते सागासाठी, जहाजांच्या आणि पुढं रेल्वेच्या लाकडासाठी. साल, मूळ, फळ, डिंक यांना सरकारी भाषेत नाव पडलं 'गौण वनोपज'. ज्याच्यावर गावोगावच्या बाळंतिणी आणि तान्ही पोरं उठून बसत, ते गौण ठरलं. मोजदाद लाकडाची झाली. मुळांची कुणी केली नाही.

आता मला माझी गोष्ट सांगितली पाहिजे.

1985 च्या आसपास मी चौदा-पंधरा वर्षांचा होतो. दिवाळीनंतर गावात एक टेम्पो आला. एका व्यापाऱ्याची माणसं होती. शतावरी, मुसळी, रिंगणी, टेटू, जे काही मुळासकट मिळेल ते किलोवर घेत होते. नाव ओळखायचं, उपटायचं, माती झटकून पोत्यात भरायचं. आम्हा गुराखी पोरांना नावं येत होती. शहरातून आलेल्या त्या माणसांना येत नव्हती. आठवडाभरात आम्ही माळ विंचरून काढला. शतावरीची मुळं पांढऱ्या बोटांच्या जुडग्यासारखी निघतात. एक बोट ठेवलं तरी वेल पुन्हा फुटतो. आम्ही एकही ठेवलं नाही, कारण ठेवलेल्या बोटाचं वजन होत नाही.

शेवटच्या दिवशी आजी मुळशीला गेली होती. मी आणि माझ्या दोन मित्रांनी पहार घेऊन बांधावरचा टेटू काढला. चारी बाजूंनी खणला, मुळं तोडली, खोड आडवं झालं. पोतं भरलं. हातात नोटा आल्या. आयुष्यातली माझी पहिली कमाई. मी आजीसाठी खडीसाखरेची पुडी आणली होती.

आजी आली. तिला कुणीतरी वाटेतच सांगितलं असावं, कारण ती घरात न येता थेट बांधावर गेली. मी मागं मागं गेलो. खड्ड्यात तिनं वाकून पाहिलं. मला वाटलं आता शिव्या पडतील. तिनं पदर खोचला आणि हातानंच माती लोटायला लागली. मीही वाकलो, लोटायला लागलो. खड्डा बुजला तेव्हा अंधार पडला होता. तांब्याभर पाणी घालून ती म्हणाली, "मूळ धाडलं व्हतं का रं?"

मी मान हलवली.

"आनि कुनासाठी काढलं? कोन आजारी व्हतं?"

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. ते पोतं कुणाच्या घरी जाणार, कोणती बाळंतीण त्यातून उठून बसणार, मला माहीत नव्हतं. टेम्पोवाल्यांनाही माहीत नव्हतं. खडीसाखरेची पुडी आजीनं देवापुढं ठेवली, स्वतः खाल्ली नाही.

व्यापार वाईट असतो असं मी म्हणणार नाही, आणि आजीही म्हणत नव्हती. तिच्या बाळगुटीच्या डबीत मुरुडशेंग, हिरडा आणि बेहडा आमच्याकडचे असत, पण जायफळ दक्षिणेतलं आणि अतिविष थेट हिमालयातलं. आमच्या घरात कुणी हिमालय पाहिला नव्हता, तरी अतिविषाचा तो करडा तुकडा सहाणेवर एकच वळसा फिरवायचा हे तिला ठाऊक होतं. रविवार पेठेतल्या काष्ठौषधीच्या दुकानातून तो कागदाच्या पुडीत यायचा आणि दोन पिढ्यांना पुरायचा. आज अतिविष जगातल्या संकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत आहे. दुकानं तेव्हाही होती. फरक मापात पडला. वळशानं मोजायची वस्तू टनानं मोजली जाऊ लागली.

राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळासाठी झालेल्या पाहणीचे अहवाल 2008 आणि 2017 मध्ये आले. 2017 च्या अहवालानुसार देशात 1178 जातींच्या औषधी वनस्पतींचा व्यापार होतो, आणि त्यांतल्या 242 जाती वर्षाला 100 टनांहून जास्त लागतात. 2014-15 या एका वर्षात या कच्च्या मालाची मागणी 5,12,000 टनांच्या घरात होती. हा आकडा वाचला तेव्हा मला आजीची वीतभर काडी आठवली. इतक्या टनांना निमंत्रण कोण देणार? खणणाऱ्याला रोगी दिसत नाही, आणि बाटली विकत घेणाऱ्याला खड्डा दिसत नाही. आजीच्या काळी खणणारा हात आणि औषध देणारा हात एकाच माणसाचे होते. ते तुटले तिथंच झाडाचं मरण सुरू झालं, असं मी समजतो.

याचा सगळ्यांत कडू दाखला सह्याद्रीतला नरक्या. मध्यम उंचीचं साधंसुधं झाड. फुलांना, लाकडाला घाण वास, म्हणून हे नाव. गावकरी त्याला सरपणालाही आणत नसत. नंदुरबारला 1925 मध्ये जन्मलेले मनसुख वाणी अमेरिकेत रसायनशास्त्रज्ञ झाले. 1966 मध्ये त्यांनी आणि मन्रो वॉल यांनी एका चिनी झाडातून कॅम्पटोथेसिन हे कर्करोगाविरुद्ध काम करणारं द्रव्य वेगळं केलं. 1972 मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी तेच द्रव्य आपल्या नरक्यात असल्याचं दाखवून दिलं. 1996 मध्ये त्यापासून तयार केलेल्या दोन औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली. आणि ज्या झाडाकडं कुणी ढुंकून पाहत नव्हतं, त्याच्यावर कुऱ्हाडी चालू लागल्या. खोड तोडून, मुळं उकरून, ढलप्या करून पोती भरायची आणि रातोरात घाट उतरायचा. कोल्हापूर, सिंधुदुर्गाच्या जंगलांतून चोरटा नरक्या पकडल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येत राहिल्या. तोडणारा बहुधा जवळच्याच वाडीतला, रोजावर आलेला. कर्करोगाचा रोगी त्यानं पाहिलेला नसतो, आणि त्या औषधाची किंमत त्याला सांगितली तर खरी वाटणार नाही.

वाणी आणि वॉल यांचं दुसरं मोठं काम टॅक्सॉलचं. 1971 मध्ये त्यांनी त्याची रचना जगापुढं मांडली. ते पॅसिफिक यू नावाच्या झाडाच्या सालीत होतं, आणि साल सोलली की ते झाड मरतं. औषधाची गरज वाढली तशी झाडं पडू लागली. शेवटी शास्त्रज्ञांनी त्याच कुळातल्या दुसऱ्या यूच्या पानांमधून कच्चं द्रव्य काढून त्यावर प्रक्रिया करायची वाट शोधली. पान पुन्हा फुटतं. रोगीही वाचला, झाडही वाचलं. आपल्याकडंही दशमुळातल्या झाडांच्या मुळांऐवजी खोडाची वा फांद्यांची साल चालेल का, यावर अभ्यास झाले आहेत. आजीनं असले अभ्यास वाचले नव्हते. पण 'झाड न मारता किती घेता येईल' हा तिचाच प्रश्न प्रयोगशाळेत पोचलेला पाहून मला फार बरं वाटतं.

हे सगळं समजून घ्यायला मी उतारवयात पुन्हा रानात फिरू लागलो. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतले वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी 1970 च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवराया पालथ्या घातल्या आणि त्यांवर लिहिलं. देवाच्या नावानं राखलेल्या राईत कुऱ्हाड चालत नसे, पण औषधाला झाडपाला न्यायला मुभा असे. गारंबीसारखा अजस्र वेल एखाद्याच राईत उरलेला, आणि गुरांच्या औषधासाठी त्याच्याकडं लांबलांबच्या गावांहून माणसं येत. राई म्हणजे त्या गावांचं औषधाचं कपाटच. किल्ली देवाकडं.

आमच्याकडं याची खूण अजून आहे. चैत्रात म्हातोबाच्या यात्रेला हिंजवडी-वाकडचं बगाड निघतं. त्याला लागणारं लाकूड मुळशीकडच्या रानातून आणलं जातं. देवाचं नाव घेऊन गावची माणसं जातात आणि लागेल तेवढंच घेऊन येतात. आयटी पार्कातल्या रस्त्यांवरून ते बगाड जाताना हजारोंची गर्दी असते. ते पाहताना मला दर वर्षी वाटतं, की रानातून आणायचं कसं हे या गावाला अजून येतं. लाकडासाठी पाळतो ती रीत मुळांसाठी पाळायची एवढंच राहिलंय.

भीमाशंकरच्या बाजूला, आंबेगाव आणि जुन्नरच्या डोंगरांत हिरड्यावर घरं चालतात. महादेव कोळी कुटुंबांची हिरड्याची झाडं पिढ्यानपिढ्या ठरलेली. कोवळा बाळहिरडा उतरवून वाळवतात आणि त्याच्या पैशात पावसाळ्याची बेगमी होते. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा तिथल्या लोकांचं मोठं नुकसान झालं आणि हिरड्याची भरपाई मिळावी म्हणून त्यांना लढावं लागलं. तिथल्या एका म्हाताऱ्या बाबांनी मला फांदी वाकवून हिरडा कसा घ्यायचा ते दाखवलं. बोटानं देठ हलकेच पिरगाळायचा. "फांदी मोडली तर पुढल्या सालचं बी आजच मोडलं," ते म्हणाले. त्याच पट्ट्यात पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशननं गावकऱ्यांबरोबर काम करून हिरडा-बेहडा गोळा करण्याच्या कामाला 'फेअरवाइल्ड' हे प्रमाणपत्र मिळवून दिलं. किती फळं घ्यायची, किती झाडावर सोडायची, हे त्यात ठरलेलं असतं, आणि परदेशातला खरेदीदार त्यासाठी वाजवी दाम मोजतो. बेहड्याच्या जुन्या ढोलीत धनेश घरटं करतो. पूर्वी बेहडा भुताचं झाड म्हणून तोडायला कुणाला वाईट वाटत नसे. आता फळाला दाम आल्यावर झाड उभं राहतं, आणि धनेशाची ढोलीही. व्यापार झाड मारतो तसा तारूही शकतो, याचा हा धडधडीत पुरावा.

दुसरा पुरावा गुळवेलीचा. करोनाच्या दिवसांत सगळीकडं काढ्यांचा धडाका सुरू झाला, तेव्हा हिंजवडीत आमच्या आळीतल्या कडुलिंबावरची गुळवेल एका आठवड्यात भुईसपाट झाली. त्याच सुमारास ठाण्याच्या शहापूरकडं कातकरी तरुणांच्या वनधन केंद्राला मोठ्या औषध कंपन्यांकडून 350 टन गुळवेलीची, 1 कोटी 57 लाख रुपयांची मागणी आली. ज्यांना वर्षानुवर्षं वीटभट्टीवर राबावं लागलं, त्या माणसांच्या नावावर हा सौदा झाला, याचा मला मनापासून आनंद आहे. गुळवेल तशी चिवट. बुडाशी कापली तरी झाडावर लटकलेला वेल मरत नाही. वरून दोऱ्यासारखं बारीक मूळ सोडतो आणि ते हवेतून सरळ खाली येत मातीला लागतं. आमच्या आळीतल्या लिंबावर, बुडापासून ओरबाडून नेल्यावरही एक कांडं वर अडकून राहिलं होतं. त्यानं सोडलेला तो करड्या रंगाचा दोरा रोज बोटभर खाली येताना मी त्या पावसाळ्यात पाहिला. वेल स्वतःच जमिनीला मूळ धाडत होता.

कायद्याचं बळ हवं, ते आहेही. 2002 च्या जैवविविधता कायद्यानं गावोगावी समित्या आणि लोकजैवविविधता नोंदवह्या आणल्या. कोणतं झाड कुठं आहे, त्याचा उपयोग कोणाला ठाऊक आहे, हे गावानं स्वतः लिहून ठेवायचं. 2018 मध्ये उत्तराखंडच्या उच्च न्यायालयानं सांगितलं की देशी कंपन्यांनीही स्थानिक लोकांना लाभातला वाटा दिला पाहिजे. 2023 च्या दुरुस्तीत मात्र ग्रंथांत नोंदलेल्या ज्ञानाच्या वापराला आणि लागवडीच्या औषधींना पुष्कळ सूट मिळाली. लागवडीला सूट मिळाली हे चांगलंच झालं. शेतकरी औषध लावील तर रानावरचा भार हलका होईल. पण टेटूचं नाव ग्रंथात आहे म्हणून टेटू राखणाऱ्या वाडीला वाटा नको, हे मला पटत नाही. ग्रंथांनी टेटूचे गुण सांगितले. पाणी चढत असताना त्याचं रोप उचलून डोंगरावर नेलं ते माझ्या पणजीनं. राखणाऱ्याला काही मिळालं नाही तर तो उद्या पहार उचलणाऱ्यांत सामील होईल. चौदाव्या वर्षी मी झालो होतो, म्हणून हे सांगतो.

आमच्या बांधावरची गोष्ट पुरी करतो. खड्डा बुजवल्याच्या पुढच्या पावसाळ्यात तिथून दोन कोंब वर आले. आमच्या पहारीतून सुटलेलं कुठलं तरी बोटभर मूळ आत राहिलं होतं. आजीनं भोवती काटेरी फांद्या रोवल्या आणि कुणाला काही बोलली नाही. ते झाड वाढलं, त्याला शेंगा धरल्या. आजी गेली. पुढं गावच्या जमिनी गेल्या तशी आम्हीही ती पट्टी विकली. विकायच्या आधी वडिलांनी शेंगा उतरवून बी मुळशीला, आजीच्या भाच्याकडं पोचवलं. बांध, ओढा, झाड, आता तिथं काही नाही. वरून चौपदरी रस्ता जातो.

गेल्या वर्षी आषाढात मी आजीच्या माहेरी गेलो. धरणाच्या पाण्यावर धुकं होतं. भाच्याच्या परड्यात, वडिलांनी नेलेल्या बियांपासून झालेली तीन झाडं उभी होती, आणि त्यांच्या सावलीत गुडघाभर उंचीची पोरं. हिंजवडीला घरामागं अजून दोन खोल्यांएवढी मोकळी जागा आहे. तिथं एक रोप न्यावं असं ठरवून मी आलो होतो. कुदळ मागितली, तसं भाच्याच्या बायकोनं, माझ्या काकूनं, विचारलं, "आजच न्यायचं म्हणता?"

मला लाज वाटली. पन्नाशी ओलांडून मी पुन्हा विसरलो होतो.

मुक्काम केला. संध्याकाळी काकूनं ताटली दिली. हळदकुंकू, अक्षता, सुपारी. मी त्या पोराच्या बुडाशी वाकलो. काय बोलावं ते नेमकं सुचेना. मग म्हणालो, "उद्या सकाळी न्यायला येतो. हिंजवडीला चल. आजारी कुणी नाही. नुसतं राहायला चल."